एअरबॅग कधी उघडते, कधी उघडत नाही आणि कधी जिवावर बेतते

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे झालेल्या एका अपघातात सहा वर्षांचा मुलगा गेला. तो गाडीत पुढच्या सीटवर होता. समोरच्या गाडीशी धडक झाली, एअरबॅग उघडली आणि तिच्या दणक्याने त्याच्या शरीरात आतल्या आत रक्तस्राव झाला. जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूनेच जीव घेतला, अशा बातम्या मग सगळीकडे आल्या.

सातारा-सांगलीकडे मात्र तक्रार नेमकी उलटी ऐकायला मिळते. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून गाडी धडकते. बोनेट आत जातं, काच फुटते, टप चेपतो आणि एअरबॅग जिथल्या तिथे. ‘एवढे पैसे घेऊन कंपनीने फसवलं’ असं घरचे म्हणतात आणि गावात तेच पसरतं.

एकीकडे उघडली म्हणून राग, दुसरीकडे उघडली नाही म्हणून राग. एअरबॅग नेमकी कोणासाठी आणि कोणत्या धडकेसाठी बनवली आहे हे एकदा समजलं की दोन्ही घटनांचा अर्थ लागतो. ती बनवली आहे पट्टा लावून, सरळ, पुरेसं मागे बसलेल्या मोठ्या माणसासाठी. यातली एक अट सुटली की तिचा फायदा घटतो, दोन-तीन सुटल्या तर ती घातकही ठरते.

थांबायला जागा लागते

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा आतला माणूसही सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकत असतो. गाडी भिंतीवर आदळून थांबली तरी माणूस आपोआप थांबत नाही, त्याला कशाने तरी थांबवावं लागतं. तो किती अंतरात थांबतो यावर सगळं ठरतं. तालमीत पैलवान पाठीवर पडला तरी उठतो, कारण आखाड्यातली माती खणून भुसभुशीत केलेली असते आणि अंग थोडं रुतत थांबतं. तोच डाव फरशीवर टाकला तर बरगडी मोडते. पडण्याची उंची तीच, पण थांबायला मिळालेली जागा वेगळी.

आता आकडे बघा. ५० च्या वेगाने धडकताना गाडीचं नाक साधारण ६० सेंटिमीटर चेपलं आणि पट्टा लावलेला माणूस गाडीबरोबर तेवढ्या अंतरात थांबला, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ पट जोर येतो. ६० किलोच्या माणसाला जवळपास एक टन. आकडा मोठा आहे, पण तो क्षणभराचा असतो, आणि खांदा, छाती आणि कमरेच्या हाडांवर विभागला गेला तर धडधाकट शरीर तो सोसतं. पट्टा नसेल तर माणूस गाडी थांबल्यावरही ५० च्याच वेगाने पुढे जातो आणि डॅशबोर्डवर आपटून पाचेक सेंटिमीटरात थांबतो. मग तोच जोर दोनशे पटीच्या घरात जातो आणि तो कपाळावर किंवा छातीच्या एका जागी येतो.

वेग वाढला की हा मार त्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून खूप जास्त वाढतो. ताशी ८० किलोमीटरच्या धडकेत ५० च्या अडीचपट ऊर्जा असते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर आणेवाडी ते तासवडे या टोलनाक्यांमधल्या पट्ट्यात ८० हा वेग कोणाला वेगही वाटत नाही.

पापणी लवायच्या आत

पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या आसपास, धडक ओळखणारे सेन्सर असतात. त्यांच्या तारा एका छोट्या कंट्रोल युनिटकडे जातात. हे युनिट बहुतेक गाड्यांत दोन्ही पुढच्या सीटच्या मध्ये, गिअर लिव्हर किंवा हँडब्रेकच्या खाली, तळाच्या पत्र्यावर घट्ट बसवलेलं असतं. गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे ते सतत मोजत असतं. खड्ड्यात चाक आदळणं, जोरात ब्रेक मारणं आणि खरी धडक यांतला फरक त्याला सेकंदाच्या काही शतांशांतच करावा लागतो.

धडक खरी ठरली की युनिट स्टिअरिंगमधल्या इन्फ्लेटरला, म्हणजे बॅगमध्ये गॅस भरणाऱ्या छोट्या धातूच्या डब्याला, विजेचा झटका देतं. आतली रासायनिक गोळ्यांची दारू पेटते आणि गॅस तयार होतो, मुख्यतः नायट्रोजन. पूर्वी यासाठी सोडियम अझाइड वापरत, आता बहुतेक ठिकाणी ग्वानिडीन नायट्रेटची मिश्रणं असतात. घडी घातलेली नायलॉनची पिशवी स्टिअरिंगचं झाकण ठरलेल्या शिवणीवर फाडून बाहेर येते. तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत असू शकतो. ड्रायव्हरची बॅग ५०-६० लिटरची, शेजारच्याची तिच्या दुपटीच्या आसपास. धडक लागल्यापासून बॅग पूर्ण भरेपर्यंत सेकंदाचा जेमतेम विसावा हिस्सा जातो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

यानंतरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बॅग भरल्या भरल्या रिकामी व्हायला लागते. तिच्या मागच्या बाजूला भोकं ठेवलेली असतात. डोकं बॅगवर टेकलं की त्या भोकांतून गॅस बाहेर पडतो आणि बॅग दबत जाते. ती दबते म्हणूनच डोक्याला थांबायला जागा मिळते. टणक फुगलेली बॅग काही उपयोगाची नसती.

म्हणून वेळ जुळणं महत्त्वाचं. भरून झालेल्या बॅगवर डोकं आलं तर ती सांभाळते. भरत असतानाच समोर आलं तर ती मारते. बाहेर पडतानाचे पहिले ५ ते ८ सेंटिमीटर सर्वांत धोक्याचे. त्यामुळेच स्टिअरिंगचा मध्य आणि छातीचं मधलं हाड यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. टेप घेऊन एकदा मोजा. उंचीने कमी असलेल्या बायका सीट पार पुढे घेऊन चालवतात, त्यांनी आधी पाठ थोडी मागे कलवावी, मग सीटची उंची वाढवावी, आणि स्टिअरिंग खालीवर होत असेल तर ते खाली घेऊन बॅगचा रोख चेहऱ्याऐवजी छातीकडे करावा.

‘एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला?’

कारण धडकेच्या आधी ब्रेक लागतो. पट्टा नसलेला माणूस त्या ब्रेकनेच सीटवरून सरकून पुढे येतो आणि बॅग सुटते तेव्हा त्याचं तोंड स्टिअरिंगपाशी पोचलेलं असतं. पट्टा लावला नाही तर बॅग उघडतच नाही, असा एक समज आहे. बहुतेक गाड्यांत ती तरीही उघडते, आणि तोच खरा धोका.

पट्ट्यातही आता बरीच करामत असते. प्रीटेन्शनर नावाचा भाग धडकेच्या क्षणी, बॅगच्याच दारूसारख्या छोट्या स्फोटाने, पट्ट्यातला ढिलेपणा ओढून घेतो आणि माणसाला पाठीशी घट्ट धरतो. मग जोर फार वाढला की पट्टा थोडा थोडा सुटतो, म्हणजे बरगड्या मोडू नयेत. हे सगळं होईपर्यंत बॅग भरून तयार असते. पट्टा धड धरतो, बॅग डोकं आणि मान सांभाळते. दोघांची कामं वेगळी आहेत.

अमेरिकेतल्या नोंदी याबाबत स्पष्ट आहेत. तिथे २०१७ पर्यंत समोरच्या एअरबॅगनी ५० हजारांहून अधिक जीव वाचवल्याचा सरकारी अंदाज आहे. १९९० ते २००८ या काळात बॅगच्याच दणक्याने २९० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक १९९८ पूर्वीच्या जास्त जोराच्या बॅग असलेल्या गाड्यांत. आणि मेलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांनी पट्टा लावला नव्हता किंवा चुकीचा लावला होता.

आपल्याकडे चुकीचा म्हणजे काय, तर काखेखालून घेतलेला, सीटच्या मागून अडकवून ठेवलेला, किंवा नुसती क्लिप खुपसून अलार्म बंद केलेला. या क्लिपबद्दल तळमळीने सांगावंसं वाटतं. काही गाड्यांत बकलमधल्या स्विचवरून कंट्रोल युनिट ठरवतं की माणूस पट्ट्यात आहे, आणि त्यानुसार बॅग कधी सोडायची हे बदलतं. क्लिप लावणारा माणूस यंत्राला खोटी माहिती देतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवरून अशा क्लिपच्या १३,११८ जाहिराती काढायला लावल्या, तरी रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत त्या अजून दिसतात. घरातली असेल तर आज फेकून द्या.

मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा सक्तीचा आहे, दंड १००० रुपये. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यातल्या अपघातात गेले, ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता. महागडी गाडी आणि तिच्यातल्या सगळ्या बॅगा त्यांना वाचवू शकल्या नाहीत. मागचा माणूस मोकळा असेल तर तो पुढच्याच्या पाठीवरही येतो. वडापमध्ये, म्हणजे सीटमागे पैसे घेणाऱ्या खासगी जीपमध्ये, पुढे ड्रायव्हरशेजारी दोघे-तिघे दाटीवाटीने बसतात, तिथे तर एका बॅगसमोर तीन माणसं आणि पट्टा एकालाही नाही, असं चित्र असतं.

मूल पुढे का नको

बॅगचा जोर आणि उंची मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने ठरलेली असते. मुलाचं डोकं आणि मान नेमकी तिथे येते जिथे बॅग अजून भरत असते. मांडीवर मूल असेल तर ते बॅग आणि आईच्या मध्ये सापडतं. ‘मी घट्ट धरते’ असं आई मनापासून म्हणते, पण मघाचंच गणित लावा. ५० च्या धडकेत १० किलोचं बाळ १६० किलोच्या जोराने हातातून सुटू बघतं. एवढं वजन कोणाच्याही हातात राहत नाही.

म्हणून १३ वर्षांखालची मुलं मागेच बसवावीत. लहानग्यांसाठी चाइल्ड सीट घ्यावी, तीही मागच्या सीटवर, आयसोफिक्सच्या हुकांना (चाइल्ड सीट अडकवण्यासाठी गाडीच्या सीटमध्येच दिलेल्या) किंवा पट्ट्याने पक्की बांधलेली. पाठ रस्त्याकडे करून बसवायची बाळाची सीट पुढे कधीही ठेवू नये, कारण बॅग थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. पिकअपसारख्या गाडीत मागे सीटच नसेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर शेजारची बॅग बंद करण्याची चावी आहे का ते पाहावं. अनेक गाड्यांत ती डॅशबोर्डच्या डाव्या कडेला, दार उघडल्यावर दिसते. मोठा माणूस पुन्हा तिथे बसला की बॅग चालू करायला विसरू नये.

गरोदर बाईने पट्टा लावायचाच, फक्त खालचा भाग पोटाखाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवर, आणि वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून.

मग ट्रॉलीला धडकली तेव्हा उघडली का नाही?

समोरची बॅग ताठ भिंतीवरच्या साधारण २० ते २५ किलोमीटरच्या धडकेइतका झटका बसला तर उघडावी, अशी आखणी असते. रस्त्यावर गोष्टी ताठ भिंतीसारख्या नसतात. उभ्या गाडीला धडकलात तर तीही पुढे सरकते, झटका निम्म्यावर येतो. मागून कोणी ठोकलं तर तुम्ही सीटच्या पाठीत दाबले जाता, समोरच्या बॅगचं तिथे काम नाही. गाडी नुसती उलटली, डिव्हायडरला घासत गेली, तरी समोरची बॅग शांत राहू शकते आणि ते बरोबर असतं.

उसाच्या ट्रॉलीचं प्रकरण वेगळं आणि वाईट आहे. गाडीची चेपणारी हाडं, म्हणजे बंपरमागच्या दोन लांब पट्ट्या, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर असतात. ट्रॉलीचा तळ त्याहून वर, बोनेटच्या पातळीला. गाडी ट्रॉलीखाली घुसते. हाडांना काही लागतच नाही, त्यामुळे गाडीचा वेग सुरुवातीला हळू कमी होतो आणि युनिटला ती धडक वाटत नाही. खरा आघात होतो तेव्हा ट्रॉलीची कड काचेतून आत आलेली असते. त्या क्षणी बॅग उघडली तरी ती लोखंडाला अडवू शकत नाही. इथे उपाय ट्रॉलीच्या मागेच आहे. दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टर पट्टी, चालू टेललॅम्प, आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर सोडायची वेळ आलीच तर मागे शंभरेक पावलांवर चमकणारा त्रिकोण. दगड ठेवून काही होत नाही, उलट तो दगड सकाळपर्यंत तिथेच राहतो आणि दुचाकीवाला पडतो.

आणखी एक कारण आपणच तयार करतो. बंपरपुढे बसवलेला लोखंडी गार्ड धडकेचा जोर थेट सांगाड्यात पोचवतो. गाडी ज्या क्रमाने चेपायची तो क्रम बिघडतो आणि सेन्सरचा अंदाज चुकतो, कधी बॅग उशिरा उघडते. पायी जाणाऱ्याला तर असा गार्ड जीवघेणाच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं होतं. कुत्रं-म्हैस आडवी आली तर रेडिएटर वाचतो हे खरं, पण रेडिएटर बदलता येतो.

महापुरातली गाडी आणि पिवळ्या तारा

सांगलीत जुनी गाडी घेताना एअरबॅगकडे जास्त बारकाईने बघायला हवं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या सीटच्या वरपर्यंत पाण्यात होत्या. कंट्रोल युनिट गाडीत सर्वांत खाली बसवलेलं, म्हणजे पाणी पहिल्यांदा तिथेच. इंजिन उघडून धुऊन चालू करता येतं, पण या युनिटमधला गंज वर्षा-दोन वर्षांनी काम बिघडवतो.

चावी ‘ऑन’ करा, इंजिन चालू करू नका. मीटरमध्ये माणूस आणि त्याच्यापुढे गोळा असं लाल चिन्ह पेटलं पाहिजे आणि पाच-सात सेकंदांनी विझलं पाहिजे. पेटूनच राहिलं तर दोष आहे, आणि दोष असताना त्या गाडीतल्या बॅगवर भरवसा ठेवता येत नाही. पेटलंच नाही तर जास्त संशय घ्या, कोणीतरी दिवा काढला किंवा तार दुसऱ्या दिव्याला जोडली असेल. तेल आणि बॅटरीच्या दिव्यांबरोबरच तो तंतोतंत विझत असेल तरी शंका घ्यावी.

मग पुढचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. रोजच्या वापरात बाहेर न येणाऱ्या भागावर गाळाची रेघ, डाग किंवा कुबट वास असेल तर गाडी पुरातली आहे. सीटखाली टॉर्च मारा. एअरबॅग आणि प्रीटेन्शनरच्या तारांचे कनेक्टर पिवळे असतात, त्यांच्या पिनांवर हिरवट थर दिसला की व्यवहार तिथेच थांबवा. शेवटी स्कॅन करताना एअरबॅगचं मॉड्यूल वेगळं वाचून घ्या. स्वस्तातले स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड दाखवतात.

चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का तेही पाहा. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते खराब झालं की जास्त जोराने फुटून धातूचे तुकडे उडत. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातल्याही. बदलून मिळतं ते फुकट.

पिवळ्या तारेला गल्लीतल्या वायरमनने हात लावू नये. सीट काढायची असली तरी बॅटरीची निगेटिव्ह आधी काढून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावं, कारण धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून युनिट काही काळ वीज साठवून ठेवतं. मल्टीमीटरने इन्फ्लेटर तपासणं म्हणजे तो स्वतःच्या तोंडावर फोडणं.

डॅशबोर्डवरचा देव आणि सीटचं कव्हर

शेजारच्या बॅगचं झाकण डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला असतं, तिथे बारीक रेघ किंवा अक्षरं दिसतात. त्यावर चिकटवलेली मूर्ती, सेंटची बाटली किंवा मोबाइल स्टँड बॅगबरोबर सुटून माणसावर येतो. देव मधोमध, झाकणापासून दूर, छोटा आणि हलका ठेवावा. त्याच जागी पाय टेकवून बसणाऱ्याचे गुडघे तोंडावर येतात आणि मांडीची हाडं मोडतात.

सीटच्या कडेला एअरबॅगचा शिक्का असेल तर साधं कव्हर चढवू नका, ती बॅग कव्हरच्या आतच अडकते. त्या बाजूची शिवण फाटण्यासाठीच केलेली कव्हरं मिळतात, तीच मागा. हात स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना, पावणेतीनच्या काट्यांवर. एक हात वरून टाकून चालवलं तर बॅग तोच हात कपाळावर फेकते.

दोन पुरेत की सहा?

ड्रायव्हरची बॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे, शेजारच्याची नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून आणि बाकीच्यांना त्या वर्षाअखेरीपासून. सहा बॅगा सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, पुढे ढकलला गेला आणि सक्ती झाली नाही. पण बऱ्याच कंपन्या आता स्वतःहून सहा देतात.

जादा चारांपैकी दोन सीटच्या कडेला आणि दोन खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडतात. बाजूच्या धडकेत माणूस आणि दार यांत वीतभरच अंतर असतं, चेपायला नाक नसतं, म्हणून तिथे त्यांचा उपयोग मोठा. महामार्ग ओलांडणारे फाटे जिथे जास्त, तिथे राहणाऱ्याने पैसे सनरूफऐवजी यावर घालावेत. मात्र बॅगा मोजण्याआधी सांगाडा बघा. भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षिततेच्या सरकारी चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवली जाते. त्यात केबिन टिकली का, ते बघा. केबिनच कोसळली तर बॅगेला उघडायला जागा उरत नाही.

‘पट्ट्यात अडकलो तर?’

कालव्यात किंवा विहिरीत गाडी गेली, आग लागली, तर पट्टा सोडता येणार नाही, ही भीती खरी आहे. पण अशा अपघातातही आधी आदळणं होतं. पट्टा नसलेला तिथेच बेशुद्ध होतो आणि बुडतो. शुद्धीत असलेला बटण दाबतो, पाणी काचेच्या वर येण्याआधी खिडकी खाली करतो आणि बाहेर पडतो. खिडकी फोडायची हातोडी हाताशी ठेवावी, डिकीत नव्हे.

बॅग उघडल्यानंतर

केबिनमध्ये पांढरा धूर दिसतो, करपट वास येतो. बरंचसं ते घडीत घातलेल्या पावडरीचं आणि गॅसचं असतं, गाडी पेटलीच असं नाही. डोळे चुरचुरतात, मनगटाला भाजल्यासारखं होतं. चावी बंद करा, बाहेर पडा, डोळे पाण्याने धुवा, दम्याचा त्रास असलेल्याला आधी बाहेर काढा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

खंबाटकीत किंवा पेठ नाक्यावर मदतीला धावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, न उघडलेली बॅग जिवंत असते. जखमीला काढताना स्टिअरिंग आणि डॅशबोर्डच्या अगदी समोर वाकून राहू नका, शक्य तर कोणीतरी बॅटरीची निगेटिव्ह काढावी.

एकदा उघडलेली बॅग पुन्हा वापरता येत नाही. तिच्याबरोबर प्रीटेन्शनर उडालेले पट्टे, स्टिअरिंगमधली स्पायरल केबल, धडकेचे सेन्सर आणि कंट्रोल युनिट हे सगळं कंपनीच्या नियमाप्रमाणे बदलावं लागतं. विम्याच्या बिलात हे एकेक नाव वाचून घ्या, आणि काढलेले जुने भाग गाडी ताब्यात घेण्याआधी दाखवायला सांगा.